बर्फाच्या पेटीतून आलेला मासा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "अं" आणि आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय.

आजच्या भागाची सुरुवात एका फजितीनं होते. फजिती माझीच आहे.

२०२४ ची दिवाळी आठवते का? लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. भाऊबीज झाली आणि मी माझ्या मामाला घेऊन हिमाचलला निघाले. मामा पौडचा. एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झालाय. लहानपणापासून नदीवर गळ टाकणारा माणूस. त्याला एकदा तरी हिमालयातल्या नदीत गळ टाकायचा होता, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "मामा, नुसता गळ नाही, फ्लाय फिशिंग करू आपण." ऑनलाइन एक स्वस्तातला रॉड घेतला, चार व्हिडिओ बघितले, तीर्थन खोऱ्यात एक खोली बुक केली. तीर्थन म्हणजे कुलू जिल्ह्यातली, बंजार तालुक्यातली नदी. पाणी इतकं स्वच्छ की तळातला दगडन् दगड मोजावा.

पहिल्या सकाळी मामा काठावर उभा. रॉड जोडून झाला, दोरी ओवून झाली. तेवढ्यात पलीकडून एक माणूस आला, हात जोडून हसत म्हणाला, "सीज़न बंद है जी. एक तारीख से."

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते. आम्ही पोहोचलो होतो ५ नोव्हेंबरला. मी हॉटेलांचे रिव्ह्यू वाचले होते, बसच्या वेळा काढल्या होत्या, पण हे एक वाक्य कुठे शोधलंच नव्हतं. मामा काही बोलला नाही. त्यानं रॉड उलगडला, कापडात गुंडाळला आणि दगडावर बसून दिवसभर पाण्याकडे बघत राहिला.

परतीच्या बसमध्ये मात्र त्यानं मला दोन प्रश्न विचारले. "हा मासा मूळचा इथलाच का गं? आणि त्याची सुट्टी ठरवली कुणी?"

मागच्या वर्षी पावसानं कुलूकडचे रस्ते तोडले, म्हणून जमलं नाही. यंदा ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा जातोय. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. त्यानंतर दगडगोट्यांच्या नदीत उतरता येईल की नाही, सांगता येत नाही. त्यामुळे यंदाचा प्लॅन चुकून चालणार नाही. प्लॅन करता करता मामाच्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधत गेले, आणि त्यातूनच हा भाग तयार झाला.

साहेबाला नेमकं काय हवं होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही, तो इथला नाही. हिमालयात ट्राउट नव्हताच. आज मनालीच्या प्रत्येक ढाब्याच्या पाटीवर "फ्रेश ट्राउट" लिहिलेलं असतं, त्यामुळे तो देवदारासारखा तिथेच उगवलाय असं वाटतं. पण तो आणला गेलाय. ब्रिटनहून, जहाजातून.

मग प्रश्न येतो, की भारतात मासे कमी होते का? गळ टाकून खेळायला साहेबाकडे महसीर होता. महसीर म्हणजे माणसाची ताकद बघणारा मासा. १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्यानं 'द रॉड इन इंडिया' नावाचं जाडजूड पुस्तकच लिहिलं, आणि त्यात महसीरचं भरभरून कौतुक केलं. आणि पुणेकरांनो, कान द्या. दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा कुठल्या माशावरून झालं? आपल्या मुळा-मुठेतल्या. कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर अभ्यास केला आणि १८३९ मध्ये या माशाला 'खुद्री' असं नाव देऊन नोंदवलं. आज संगमावरच्या पुलावरून खाली बघताना नाक दाबावं लागतं, त्या पाण्यातला तो मासा.

मग हाताशी एवढा मासा असताना ट्राउट कशाला? कारण घरची आठवण. स्कॉटलंडमधल्या किंवा इंग्लंडमधल्या थंड ओढ्याकाठी लहानपण गेलेला माणूस हजारो मैलांवर नोकरीला आला. त्याला डोंगरात थंड हवा मिळाली, गुलाब लावता आले, सफरचंदाची झाडं लावता आली. ओढाही अगदी घरच्यासारखा दिसत होता, फक्त त्यात घरचा मासा नव्हता. तेव्हा त्यानं ठरवलं की मासाही आणायचा.

अंडी झोपवायची युक्ती

आता जिवंत मासा जहाजातून दोन-तीन महिने नेणं अशक्य. विषुववृत्ताच्या उकाड्यात पाणी तापतं, मासा मरतो. म्हणून अंडी न्यायची. पण अंडी फुटली तर? तीही वाटेतच फुटायची.

यावरचं उत्तर सापडलं बर्फात. ट्राउटच्या अंड्याचं घड्याळ तापमानावर चालतं. दहा अंशांच्या पाण्यात पिल्लू बाहेर यायला साधारण दीड महिना लागतो. पाणी त्याहून थंड असेल तर वेळ दुप्पट होतो, गोठणबिंदूच्या जवळ गेलं तर आणखी लांबतो. म्हणजे अंडं मरत नाही, फक्त हळू चालतं. समजा मोबाईल बॅटरी सेव्हर मोडवर टाकलाय.

हा प्रयोग पहिल्यांदा लांब पल्ल्यावर जमला तो ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर. जेम्स यूल नावाचा माणूस वर्षानुवर्षं सामन मासा टास्मानियाला न्यायच्या मागे लागला होता. त्याचे आधीचे प्रयत्न फसले, बर्फ वितळला, अंडी गेली. शेवटी जानेवारी १८६४ मध्ये 'नॉरफोक' नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं. लाकडाच्या छोट्या पेट्या, त्यात ओलं शेवाळ, शेवाळात अंडी, आणि या सगळ्या पेट्या जहाजातल्या बर्फघरात, बर्फाच्या लाद्यांखाली. सामनची लाखभर अंडी होती, आणि जाता जाता कुणीतरी भेट म्हणून दिलेली ट्राउटची काही हजार. तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये जहाज पोहोचलं. अंडी जिवंत होती!

पुढची गंमत बघा. ज्या सामनसाठी एवढा खटाटोप केला, तो समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. आणि पाहुणा म्हणून आलेला ट्राउट तिथे कायमचा स्थायिक झाला.

भारतातही त्याच दशकात फ्रान्सिस डे नावाच्या डॉक्टरनं नीलगिरीच्या ओढ्यांसाठी ट्राउट आणायचा प्रयत्न केला. जमला नाही. नीलगिरीत खरं यश आलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एच. सी. विल्सन या माणसामुळे आणि रेनबो ट्राउटमुळे. पण आपल्याला जायचंय उत्तरेला, म्हणून उटीची गोष्ट इथेच सोडते.

गालिच्याच्या कारखान्यातले मासे

उत्तरेची गोष्ट सुरू होते काश्मीरमध्ये, आणि तिचा नायक सरकारी अधिकारी नाही. फ्रँक मिचेल हा स्कॉटिश माणूस श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवत होता. काश्मीरचे नाले बघून त्याच्या डोक्यात ट्राउट शिरला. तेव्हा गादीवर महाराजा प्रताप सिंह होते.

१८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं भेट दिलेली अंडी ब्रिटनहून निघाली. वाटेतच सगळी मेली. विचार करा, तेव्हा श्रीनगरला जायची नेहमीची वाट कशी होती. जहाजानं तांबड्या समुद्रातून हिंदुस्थान, मग रेल्वेनं रावळपिंडी, आणि तिथून पुढे झेलमच्या खोऱ्यातून टांग्यानं दिवसच्या दिवस. एका ठिकाणी बर्फ संपला की खेळ खलास.

पुढच्या वर्षी, १९०० च्या डिसेंबरात, दुसरी खेप आली. साधारण दहा हजार अंडी. मुद्दाम थंडीचे दिवस गाठलेले. ही जगली. त्यातली काही पिल्लं मिचेलनं चक्क आपल्या कारखान्याच्या आवारात वाढवली, बाकीची दाचीगामच्या बाजूला नेली. पुढे श्रीनगरजवळ हारवानला मोठं पैदास केंद्र उभं राहिलं आणि मिचेल काश्मीरच्या मत्स्यखात्याचा प्रमुख झाला. १९१२ च्या सुमारास रेनबो ट्राउटही आला.

मला या गोष्टीत आवडतं ते हे, की इतिहास म्हटला की आपण लढाया आणि तह आठवतो. पण इथे एका गालिचेवाल्याच्या हौसेनं अख्ख्या हिमालयातल्या नद्यांचं पाणी बदललं. कुणी ठराव केला नाही, कुणी मत विचारलं नाही. एका पेटीतला बर्फ वेळेपर्यंत टिकला, एवढंच कारण.

काश्मीरमधून मासा कुलूला आला तो १९०९ मध्ये. जी. सी. एल. हॉवेल हा तिथला असिस्टंट कमिशनर. त्यानं काश्मीरहून अंडी मागवली. अंड्यात डोळ्याचा काळा ठिपका दिसायला लागला की ते प्रवासाला धट्टं होतं, तशी ही अंडी. तेव्हा कुलूपर्यंत मोटाररस्ता नव्हता, हे लक्षात घ्या. बियासच्या काठी, कटराईंच्या बाजूला, महिली इथे त्यानं पैदास केंद्र काढलं आणि तिथून पिल्लं आसपासच्या नद्यांमध्ये सोडली गेली. आज तीर्थनमध्ये जो ब्राउन ट्राउट आहे, त्याचं मूळ या पिल्लांत आहे.

म्हणजे मामा ज्या माशासाठी दिवसभर दगडावर बसला होता, त्याचा खापरपणजोबा ब्रिटनहून शेवाळात गुंडाळून आला होता.

फ्लाय म्हणजे काय, आणि ऑक्टोबरच का?

थोडं थांबून हे सांगते, कारण मामालाही सांगावं लागलं होतं.

आपण गळाला गांडूळ लावतो किंवा कणकेची गोळी. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. बारीक गळावर कोंबड्याचं पीस, लोकर, दोरा असं गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखं काहीतरी बनवायचं. ही युक्ती फार जुनी आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात.

आता पिसाला वजन नसतं, मग ते लांब फेकायचं कसं? इथे वजन दोरीलाच असतं. दोरी मागे-पुढे झुलवायची आणि तिच्या झोक्यानं पीस अलगद पाण्यावर उतरवायचं. मामा ऐकून म्हणाला, "म्हणजे चाबूक. पण बैलाला लागू द्यायचा नाही असा." मी पाहिलेल्या चार व्हिडिओंपेक्षा हे जास्त चांगलं समजावणं होतं.

आता ऑक्टोबर. पावसाळ्यात डोंगरी नदी गढूळ असते, वरून वितळलेल्या बर्फाचं पाणीही येत असतं. मासा पिसाकडे बघेल कसा? सप्टेंबरच्या मध्यानंतर पाऊस ओसरतो, रात्री थंड होतात, वरचं वितळणं कमी होतं. नदी उतरते आणि काचेसारखी होते. त्यात ब्राउन ट्राउटला विणीच्या आधी अंगात ताकद साठवायची असते. तो भुकेला असतो आणि धीट झालेला असतो. म्हणून शरद ऋतूतले ते पाच-सहा आठवडे गळवाल्यांचे लाडके.

आणि मग विणीचे दिवस येतात. मादी वाळू-खड्यांच्या उथळ जागी शेपटीनं खळगा करते, अंडी घालते, वरून खडे लोटते. पाणी गार असल्यामुळे अंडी तिथेच अख्खा हिवाळा काढतात. लक्षात आलं का? ज्या गारव्यानं त्यांना तीन-तीन महिने जहाजात झोपवून ठेवलं, त्याच गारव्यामुळे त्यांना नदीतही तेवढाच वेळ लागतो. तेव्हा एखादा माणूस त्या खड्यांवरून बूट घालून चालत गेला तर एका पावलात शेकडो अंडी जातात.

मामाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. सुट्टीची तारीख सरकारनं लिहिली, पण ठरवली अंड्यानं. मिचेलला जे गणित जमल्यामुळे मासा इथे आला, त्याच गणितानं ५ नोव्हेंबरला आमचा रॉड गुंडाळायला लावला.

बिल कुणी भरलं?

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण एक बाजू राहते.

ट्राउट आला तेव्हा नद्या रिकाम्या नव्हत्या. हिमालयाचा स्वतःचा एक मासा आहे. इंग्रजांनी त्याला 'स्नो ट्राउट' म्हटलं, पण तो ट्राउट नाहीच, आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला आहे. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा गरीब मासा. ट्राउट मात्र मांसाहारी. तो किडे खातो आणि लहान मासेही खातो. त्या हिमालयी माशाची एक जात आज जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. कारणं बरीच आहेत, धरणं आहेत, बेसुमार मासेमारी आहे, आणि बाहेरून आणून सोडलेला ट्राउटही त्या कारणांत आहे.

दुसरं, माणसांचं. नदीकाठचे लोक आधीपासून मासे धरत होते. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं मासेमारीचा कायदा केला. त्यात पाण्यात सुरुंग उडवणं आणि विष टाकणं बंद झालं, ते योग्यच होतं. पण हळूहळू नदीचे पट्टे राखीव झाले, परवाने आले, कुठल्या साधनानं मासा धरायचा याचे नियम आले. आणि नियमांत मान मिळाला तो साहेबाच्या रॉडला. ज्याच्या अंगणातून नदी वाहते, तो जाळं टाकेल तर गुन्हेगार, आणि शेकडो मैलांवरून सुट्टीला आलेला माणूस परवाना घेऊन उभा राहील तर खेळाडू. मी पुण्याहून ऑनलाइन रॉड घेऊन जाते तेव्हा या दोघांतली कोण असते, हे मला माहीत आहे. ते बोलून दाखवलेलं बरं.

आणि राखणं म्हणजे काय, हे आपल्याला साहेबानं शिकवलं असंही नाही. रायगडच्या पायथ्याकडे, महाड तालुक्यात, काळ नदीवर वाळण कोंड आहे. देवीचा डोह. त्यातले महसीर कुणी धरत नाही, लोक त्यांना कुरमुरे टाकतात. हिमाचलमध्ये जोगिंदरनगरजवळ मच्छियाल म्हणून जागा आहे, तिथेही तेच, देवाचे मासे. परवाना नाही, पावती नाही, फक्त देवाचा धाक.

जो पाहुणा राखणदार झाला

आता शेवटचा भाग, ज्यामुळे मी या माशाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

नकाशा उघडा. बियासच्या काठी लारजी नावाची जागा शोधा. तिथे दोन नद्या येऊन मिळतात, सैंज आणि तीर्थन. दोघी शेजारच्या खोऱ्यांतल्या, दोघींचा उगम वरच्या बर्फात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बाजूला. जणू सख्ख्या बहिणी. सैंजवर आज जलविद्युत प्रकल्प आहेत, बोगदे आहेत, बंधारे आहेत. तीर्थन मोकळी वाहते.

ते आपोआप झालं नाही. तीर्थनवर आणि तिच्या ओढ्यांवरही प्रकल्प येणार होते. खोऱ्यातले लोक उभे राहिले, बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब त्यांत पुढे होते. अर्ज झाले, कोर्टकचेरी झाली, आणि तीर्थन प्रकल्पांतून सुटली. या सगळ्यात लोकांनी जी कारणं मांडली, त्यांत एक ठळक कारण होतं ट्राउट. ही ट्राउटची नदी आहे, ती अडवली तर मासा जाईल, मासा गेला तर इथे येणारा माणूस जाईल, आणि त्यावर चालणारी घरंही बसतील.

बघा, काय उलटापालट आहे. साहेबाच्या करमणुकीसाठी आणलेला, इथल्या माशांवर पोसलेला परका मासा शंभर वर्षांनी त्याच नदीच्या बाजूनं साक्षीदार म्हणून उभा राहिला. नदी वाहती राहिली, तर त्यात तो शेवाळ खाणारा गरीब मासाही थोडाफार तगेल. मग हा मासा चांगला की वाईट? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि मी देणारही नाही.

हे मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. तो मुळशी खोऱ्याच्या तोंडाशी वाढलेला माणूस. तिथे धरण झालं, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, १९२१ ते १९२४. लोक हरले आणि गावं पाण्याखाली गेली. मामा म्हणाला, "आपल्याकडे माणसं सांगत होती, तरी ऐकलं नाही. तिथं मासा बोलला म्हणून ऐकलं."

मी म्हटलं, "मासा नाही बोलला मामा, माणसंच बोलली."

"हो," तो म्हणाला, "पण माशाचं नाव पुढे करून."

तर यंदाचा प्लॅन

आता कामाचं. बऱ्याच जणांनी इन्स्टावर विचारलंय, म्हणून सगळं उघड सांगते.

तारखा ठरवताना घरात जवळजवळ भांडण झालं. यंदा अधिक मास येऊन गेला, त्यामुळे सगळे सण लांबलेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पितृपंधरवडा, त्यात मामा प्रवासाला निघणार नाही. मग नवरात्र, मामीचे उपास आणि घरात घट. दसरा २० ऑक्टोबरच्या सुमारास. आणि आपला दसरा संपतो त्या दिवशी कुलूचा सुरू होतो, सात दिवस चालतो, खोऱ्याखोऱ्यांतून देव पालख्यांत बसून ढालपूरच्या मैदानावर येतात. त्या आठवड्यात कुलूत खोली आणि बसमध्ये जागा मिळणं कठीण. आणि १ नोव्हेंबरला नदी बंद!

म्हणजे पंचांग आणि अंडं या दोघांच्या कचाट्यातून हाती उरले फक्त चार-पाच दिवस. २७ ते ३० ऑक्टोबर. पुण्याहून रेल्वेनं चंदीगड, तिथून २५ ला रात्रीची मनालीची बस. यंदा कोजागिरी त्याच रात्री आहे, म्हणून मामीनं थर्मासमध्ये मसाला दूध द्यायचं ठरवलंय, ते चंदीगडपर्यंत कसं टिकेल ते ती जाणे. मनालीला जायचं नाही, बोगद्याच्या अलीकडे औटला उतरायचं. तिथून लारजी, बंजार, गुशैणी.

परवाना मत्स्यखात्याकडून आधी घ्यायचा, दिवसाप्रमाणे मिळतो. फी, माशाचा आकार, दिवसाला किती, हे त्या वर्षीचे नियम तिथेच विचारायचे. माझ्यासारखं हॉटेलच्या रिव्ह्यूवर विसंबू नका. मान्सून संपला तरी निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याची बातमी बघायची. २०२३ च्या जुलैत बियासनं या जिल्ह्यात काय केलं ते तुम्ही व्हिडिओंमध्ये पाहिलंय, आणि नदीकाठची खोली फोटोत कितीही सुंदर दिसली तरी थोडी वरची घ्या.

आम्ही स्वतःवर तीन नियम घालून घेतलेत. ऑक्टोबरअखेर म्हणजे काही माद्या आधीच जागा शोधायला लागलेल्या असणार, म्हणून उथळ खड्यांच्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही, काठावरूनच फेकायचं. गळाचं उलटं टोक, म्हणजे काटा, पक्कडीनं दाबून टाकायचा, म्हणजे मासा सोडवताना तोंड फाटत नाही. आणि लागलेला मासा ओल्या हातानं, पाण्यातल्या पाण्यात सोडवून द्यायचा. खायचाच असेल तर खायला शेतातला रेनबो मिळतो, ढाब्यावर बहुतेक तोच असतो.

तिसऱ्या नियमावर मामानं आधी कपाळाला हात लावला होता. पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला? साठ वर्षं ज्यानं मासा घरी आणलाय, त्याला हे वेडेपणाचंच वाटणार, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण परवा त्याचा फोन आला. अंगणात तो दोरी झुलवायची प्रॅक्टिस करतोय, पुढच्या टोकाला गळाऐवजी मामीच्या शालीतली लाल लोकर बांधलीय. म्हणाला, "अगं, काल मांजर लागलं. सोडून दिलं."

तर मंडळी, आम्ही गेलो की पुढच्या भागात सांगेनच. मासा लागला तर लागला. आणि तुमच्या गावच्या नदीत कुठला मासा असायचा, आता कुठला आहे, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. नावं तुमच्याकडची असतील तशीच सांगा, पुस्तकातली नकोत. येतेच लवकर. तोवर काळजी घ्या.